टांझानियातील गावाचा निरोप घेताना

स्वयंसेवक म्हणून नुकत्याच आलेल्या मराठी मुलामुलींशी परत जाण्याच्या गोष्टी करणे अवेळी वाटेल. परंतु उत्तर टांझानियातील अरुशात इतकी वर्षे काढल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, गावाला दुखावून जाणाऱ्यांपैकी बहुतेकांचे काम चोख असते, निघण्याची रीत तेवढी चुकते.

तारीख ठरताच ती म्वेन्येकिती, म्हणजे गावाच्या निवडून आलेल्या अध्यक्षांना, आणि मुख्याध्यापकांना दोन महिने आधी सांगावी, कारण उशिरा कळलेली बातमी त्यांना अवमान वाटते. शाळेचे वर्ष जानेवारीत सुरू होऊन डिसेंबरच्या सुरुवातीस संपते. सुटीत निघालात तर मुलांची गाठ पडणार नाही.

सर्वांत मोठा घोळ सामानाचा होतो. एका तरुणाने आदल्या रात्री लॅपटॉप, सायकल आणि शेगडी आपल्या जवळच्या शिक्षकाला देऊन टाकली. हेतू निर्मळ होता. पण लॅपटॉप शाळेसाठी आला होता की त्याचा स्वतःचा होता, हे गावात कोणालाच ठाऊक नव्हते. तो भला शिक्षक चोर ठरला आणि पुढे आलेल्या स्वयंसेविकेला कित्येक महिने गावाचा अबोला सोसावा लागला. म्हणून शाळेचे, संस्थेचे आणि स्वतःचे सामान यांच्या वेगवेगळ्या याद्या करा, त्यांवर मुख्याध्यापकांची सही घ्या आणि कोणती वस्तू कोणाला दिली हे बैठकीत सर्वांसमोर वाचून दाखवा. पुन्हा सांगतो, रात्री आणि गुपचूप काहीही देऊ नका. दार-ए-सलाममधील आपली मंडळी ‘उरलेले कामवालीला देऊन मोकळे व्हा’ असे सुचवतील. ज्यांनी किस्वाहिली, म्हणजे येथली बोलीव्यवहाराची भाषा, केवळ नोकरांना हुकूम सोडण्यापुरती शिकली, त्यांचा सल्ला गावाच्या बाबतीत मानू नये.

दुकानातील उधारी आधी चुकती करा.

निरोपसमारंभाची वेळ ‘सा नाने’, म्हणजे आठ वाजता, सांगितली तर ती दुपारी दोनची समजावी; येथे तास सूर्योदयापासून मोजतात. समारंभात जिवंत कोंबडी हाती दिली जाईल. शाकाहारी असलात तरी ती दोन्ही हातांनी घ्या आणि नंतर शेजारच्या आजीकडे सोपवा, कारण ज्या घरातून ती आली तेथे अंड्यांचा खर्चही जपून होतो आणि नकार त्यांच्या मनाला लागतो. तुम्ही बायकांना कांगा, म्हणजे त्या अंगाभोवती गुंडाळतात ते छापील कापड, भेट देणार असाल, तर त्याच्या काठावर छापलेले वाक्य एखाद्या जाणत्या बाईकडून वाचून घ्या. त्यांतील काही वाक्ये सवतीला किंवा शेजारणीला मारलेले टोमणे असतात. भेटी कापडी पिशवीतून न्या, प्लास्टिकच्या पिशव्यांवर 2019 पासून बंदी आहे.

भाषणात ‘पुढच्या वर्षी येईन’ किंवा ‘फीचे पैसे पाठवीन’ असे भावनेच्या भरात बोलू नका. एखाद्या मुलीची फी भरायचीच असेल, तर आधी शाळेशी बोलून रक्कम आणि मुदत ठरवा, आणि मगच तिच्या आईवडिलांना सांगा. तिने त्या शब्दावर दुसरी वाट सोडलेली असू शकते.

शेवटच्या आठवड्यात थकलेल्या वृद्धांच्या घरी स्वतः जा, ‘शिकामू’ म्हणून वाकून अभिवादन करा आणि चहा नाकारू नका. स्वयंसेवकांचा क वर्गाचा निवास परवाना त्याच सेवेपुरता असतो, त्यामुळे सेवा संपल्यावर येथेच नोकरी धरायचा विचार असेल, तर नवा परवाना हाती येईपर्यंत कामाला हात लावू नका.