एआयचं चित्र: आधी माप, मग प्रॉम्प्ट

चित्र बिघडलं की बहुतेकजण प्रॉम्प्टच्या, म्हणजे एआयला लिहून दिलेल्या वर्णनाच्या, मागे लागतात. ‘अतिसुंदर’, ‘अप्रतिम’, ‘८के’ अशी विशेषणं चिकटवत जायचं आणि पुन्हा बटण दाबायचं. बिघाड मात्र पुष्कळदा मापात असतो. म्हणून पहिला शब्द लिहिण्याआधी चित्र कुठे आणि केवढं लागणार आहे ते ठरवा.

प्रत्येक मॉडेलला, म्हणजे चित्र काढणाऱ्या एआय प्रणालीला, ठराविक मापाची सवय असते. स्टेबल डिफ्यूजन १.५ हे मॉडेल मुख्यतः ५१२×५१२ पिक्सेलच्या चित्रांवर शिकलं. त्याच्याकडे थेट ५१२×१०२४ मागितलं की उरलेली जागा भरायला ते माणसाच्या धडावर दुसरं धड बसवतं. दोन डोकी येतात ती इथून. त्याच मालिकेतल्या एसडीएक्सएल या मॉडेलचं माप १०२४×१०२४ च्या आसपास. तिथे उलटी चूक होते: वेळ वाचवायला ५१२ मागितलं की कापलेलं, अर्धवट चित्र मिळतं. उभ्या चित्राला ८३२×१२१६, आडव्याला १३४४×७६८ ही मापं त्याला मानवतात. मोठं हवं असेल तर नंतर अपस्केल करा (तयार चित्र सॉफ्टवेअरने मोठं करा), पहिल्या फटक्यात मागू नका.

छपाईचं गणित आधीच करून ठेवा. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ए४ पान म्हणजे २४८०×३५०८ पिक्सेल. १०२४ पिक्सेल कागदावर जेमतेम ८.७ सेंटिमीटर भरतात. ८३२×१२१६ चं चित्र तिप्पट केलं की २४९६×३६४८ होतं, म्हणजे कडा छाटून ए४ बरोबर बसतं. चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (छाटणीसाठी सोडलेली जादा कड) लागणार असेल तर रुंदी कमी पडते. मग चौपट करून खाली आणा.

लांबचे चेहरे का विस्कटतात

गर्दीतल्या माणसांचे डोळे वितळल्यासारखे दिसतात, आणि ‘रेखीव चेहरा’ असं कितीही लिहिलं तरी सुधारत नाहीत. कारण साधं आहे. वरची दोन्ही मॉडेलं पिक्सेलवर थेट काम करत नाहीत. ती चित्राच्या लांबी-रुंदीच्या आठव्या हिश्श्याएवढ्या जाळीवर काम करतात. १०२४ चं चित्र त्यांच्या लेखी १२८×१२८ चौकटींचं. त्यात ६४ पिक्सेल रुंद चेहऱ्याच्या वाट्याला ८×८ चौकटी येतात, आणि एका डोळ्याला जेमतेम एक-दोन. एवढ्याशा जागेत बुबुळ बसायचं कुठे? असं चित्र अपस्केल केलं की तोच बिघडलेला चेहरा फक्त मोठा होतो.

उपाय इनपेंटिंगचा, म्हणजे चित्राचा निवडलेला भागच पुन्हा काढून घेण्याचा. चेहऱ्यावर मास्क (बदलायचा भाग दाखवणारा थर) रंगवताना केसांची कड आणि थोडा गळाही त्यात घ्या. सॉफ्टवेअरमध्ये ‘फक्त मास्क केलेला भाग’ असा पर्याय असेल तर तोच निवडा. मग तेवढा तुकडा पूर्ण मापाला मोठा करून रंगवला जातो आणि परत जागेवर बसतो. भोवतालचं पॅडिंग, म्हणजे मास्कबाहेरची सोबत घेतलेली पट्टी, ३२ ते ६४ पिक्सेल ठेवा. डिनॉईझिंग ०.३५ ते ०.५ पुरतं: ० म्हणजे काहीच बदलायचं नाही, १ म्हणजे सगळं नव्याने. चेहऱ्याची ठेवण राखायची असेल तर ०.५ च्या वर जाऊ नका. बोटं मात्र रचनेतच चुकलेली असतात, त्यांना ०.६-०.७ द्यावं लागतं.

इथली नेहमीची चूक म्हणजे प्रॉम्प्ट तसाच ठेवणं. ‘मैदानावर जमलेली गर्दी’ हा मूळ मजकूर राहिला तर मॉडेल त्या चेहऱ्याच्या चौकटीतच इवलीशी गर्दी काढून देतं. मास्कच्या आत जे हवं तेवढंच लिहा: ‘चाळिशीची बाई, उजवीकडे पाहणारी, सकाळचं ऊन.’ ऑनलाइन साधनांत भाग निवडून दुरुस्ती करतानाही हाच नियम.

एका वेळी एकच बदल

सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, बदलत राहिला तर कशाने काय झालं ते कधीच कळत नाही. चार-सहा चित्रं काढा, रचना आवडली तिचा सीड पक्का करा आणि मग एकेक गोष्ट हलवा. चित्र घडवण्याच्या पायऱ्या (स्टेप्स) २० ते ३० पुरेत. त्यापुढे वेळ जातो, फरक क्वचित दिसतो. सीएफजी (प्रॉम्प्ट किती काटेकोर पाळायचा त्याचा आकडा) ५ ते ७ मध्ये ठेवा. १२-१५ वर नेला की रंग भाजल्यासारखे होतात आणि कडा करकरीत दिसतात. टर्बो किंवा लाइटनिंग या झटपट जातीच्या मॉडेलांना १ ते ८ पायऱ्या आणि सीएफजी १-२ हेच लागतं. त्यांच्यावर नेहमीचे आकडे लावले की चित्र हमखास करपतं.

नकार प्रॉम्प्टमध्ये लिहू नका. ‘चष्मा नको’ म्हटलं की चष्मा यायची शक्यता वाढते. निगेटिव्ह प्रॉम्प्टच्या चौकटीतही नुसतं ‘चष्मा’ लिहायचं, ‘नको’ नाही. ती चौकटच नकाराची आहे. शिवाय या मॉडेलांचा मजकूर वाचणारा भाग एका वेळी साधारण ७५ टोकनच (शब्द किंवा शब्दांचे तुकडे) घेतो, म्हणून महत्त्वाचं आधी. त्याला मराठी जवळपास कळत नाही, इंग्रजीतच लिहा. गप्पांवर चालणाऱ्या साधनांना मराठी चालतं, पण काही साधनं तुमचा मजकूर परस्पर बदलून घेतात. तो दिसत असेल तर वाचून पाहा.

चित्रातली देवनागरी

‘स्पर्धा’ हा शब्द मागून पाहा. ‘स्प’ तुटतो, रफार ‘धा’वरून सरकून ‘प’वर बसतो, शिरोरेषा मध्येच थांबते. मॉडेल अक्षर लिहीत नाही, त्याचा आकार काढतं. अलीकडची मॉडेलं सुधारली आहेत, तरी पोस्टरसाठी आमचं मत ठाम आहे: मजकूर चित्रात मागूच नये. ‘वरचा तिसरा हिस्सा मोकळं आकाश’ अशी जागा सोडायला सांगा आणि अक्षरं नंतर गिंप किंवा इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या लेयरवर टाका. मुक्ता किंवा बालू हे मोफत फाँट बहुतेक कामांना चालतात. फोटोशॉपमध्ये ‘कि’ची वेलांटी अक्षराच्या मागे पडत असेल तर मजकुराच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ पर्याय निवडा. तयार पाटी तपासताना शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे वाचा. सरळ वाचलं की डोळा चुका आपोआप दुरुस्त करून घेतो.

चित्र पाठवण्याआधी १०० टक्के झूमवर एक फेरी मारा. बोटं तर सगळेच मोजतात. माणसाच्या पाठीमागून जाणारी टेबलाची कड दोन्ही बाजूंना एकाच रेषेत आहे का, कानातले जोडीचे आहेत का, सावल्या एकाच दिशेला पडतात का, हेही पाहा.

व्हिडिओ आणि आवाज

एका क्लिपमध्ये एकच हालचाल आणि कॅमेऱ्याची एकच चाल. ‘ती उठते, दार उघडते, बाहेर जाते’ हे तीन तुकड्यांचं काम आहे. सुरुवात पक्क्या चित्रापासून करा. १३४४×७६८ हे नेमकं १६:९ नाही, ते १३४४×७५६ करून द्या, नाहीतर साधन स्वतःच कुठेतरी कापतं किंवा ताणतं. शेवटाकडे चेहरे सरकू लागतात, म्हणून एखादा सेकंद जास्तीचा घेऊन छाटून टाका. काही मॉडेलं सेकंदाला १६ फ्रेम देतात. ती क्लिप २४ च्या टाइमलाइनवर टाकली की दर दुसरी फ्रेम दोनदा दिसते आणि चालणारा माणूस हिसके खातो. आधी फ्रेम इंटरपोलेशन करा, म्हणजे मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरकडून भरून घ्या.

आवाजाच्या मजकुरात ‘१०.५%’ऐवजी ‘साडेदहा टक्के’, ‘डॉ.’ऐवजी ‘डॉक्टर’ लिहा. ‘चहा’तला आणि ‘चाक’मधला च यंत्र एकच करतं. ऐकूनच पकडावं लागतं, आणि बधत नसेल तर शब्द बदलणं सोपं. आवाज वाक्यावाक्याने काढला तर चुकलेलं एकच वाक्य पुन्हा करावं लागतं. कुणाच्या आवाजाची नक्कल लेखी परवानगीशिवाय नको, चेहऱ्याचंही तसंच.

मूळ फाइल पीएनजीमध्ये जपा. जेपीजी दर वेळी सेव्ह करताना आणखी खराब होते. मात्र ऑटोमॅटिक११११ सारखी चित्र काढायची सॉफ्टवेअर पीएनजीच्या आतच प्रॉम्प्ट आणि सीड लिहून ठेवतात. स्वतःला ते सोयीचं, पण प्रॉम्प्टमध्ये ग्राहकाचं नाव असेल तर तेही फाइलबरोबर बाहेर जातं. देण्यासाठी ही माहिती काढलेली वेगळी प्रत करा, आणि त्या प्रतीखाली चित्र एआयने केल्याची ओळ उघडपणे लिहा.