हौदात कमळ लावायचंय? आधी जादा पाण्याला वाट करा

होळी झाली की कमळाचे कंद लावायला घ्या. एप्रिलच्या पुढे ढकलू नका, मृगाच्या आत पानं पाण्याबाहेर उभी राहायला हवीत. परसात जुना सिमेंटचा हौद असला तर उत्तम. नवा असला तर पाणी भरून आठवडाभर ठेवा, सोडून द्या, पुन्हा भरा, असं तीनदा तरी करा. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, तो ना कंदाला मानवतो ना डासांच्या अळ्या खायला सोडायच्या गप्पी माशांना. ऊन निदान सहा तास. आंब्याफणसाच्या सावलीत नुसती पानं येतात, फूल नाही.

आता मुख्य गोष्ट. जादा पाणी जायला हौदाच्या भिंतीतून पाईप बसवा, तोही माती भरायच्या आधी. तळाचं भोक बुजवा, पण बाजूला वाट हवीच. गेल्या वर्षी बाकी सगळं केलं आणि माझ्याकडून हेच राहिलं. आषाढात आपल्या बेळगावकडे झड लागते ती दिवसचे दिवस. पाणी काठाला टेकलं, कोवळी पानं हातभर पाण्याखाली गेली आणि कुजली. कमळाचा देठ आतून पोकळ असतो, चिखलातल्या कंदाला हवा त्यातूनच मिळते. सगळी पानं बुडाली की कंद गुदमरतो. पाणी हळूहळू चढलं तर देठ लांबतात, एका रात्रीत चढलं तर त्यांना ते जमत नाही.

पाईप दीड इंची घ्या. पाऊण इंची पाईप पानाच्या एका तुकड्यानं तुंबतो. मातीचा थर कुठवर येणार त्याची भिंतीवर खूण करा, तिच्या वर चार बोटांवर भोक पाडा. आतल्या बाजूला एल्बो (काटकोनी जोड) लावा, पण सोल्युशन (पाईपचा गोंद) न लावता नुसता घट्ट दाबून, म्हणजे फिरवता येईल. एल्बोत वीतभर पाईपचा तुकडा. तुकडा आडवा असला की पाणी चार बोटं राहतं, उभा केला की वीतभर आणखी चढतं. लावणीनंतर आडवा ठेवा, पानं उभी राहिल्यावरच उभा करा. तोंडाला मच्छरदाणीची जाळी बांधा, नाहीतर गप्पी मासे पाण्याबरोबर जातील. बाहेरचं टोक केळीकडे किंवा अळवाकडे वळवा. पुन्हा सांगतो, हे सगळं माती पडायच्या आधी. चिखल आणि पाणी भरल्यावर भिंत फोडायला कुठला गवंडी येतोय?

माती भाताच्या शेतातली काळी, चिकट. येळ्ळूर, वडगावकडची बासमतीच्या रानातली मिळाली तर दुसरं काही शोधू नका, फक्त तिथे हल्ली तणनाशक मारलेलं नाही ना, ते विचारून घ्या. खानापूरकडची तांबडी मुरमाड माती नुसती वापरू नका. नर्सरीतलं कोकोपीटचं मिश्रण तर मुळीच नको, ते सगळं वर तरंगतं. थर फूटभर. शेणखत पूर्ण कुजलेलं, थोडंसं आणि तळाशीच. ताजं शेण पाण्याखाली सडतं, घाण वास सुटतो आणि कंदही जातो.

कंद घेताना दोन-तीन पेरं आणि शाबूत कोंब बघा. हा कोंब कोवळ्या काकडीसारखा कडकन मोडतो, आणि मोडला की तो कंद बहुधा गेलाच. दुकानदाराला ओल्या कागदात गुंडाळून द्यायला सांगा, पिशवीत कोंबू देऊ नका. कमळ म्हणून कुमुद माथी मारतात, तेही बघा. कुमुदाच्या पानाला चीर असते आणि ते पाण्यावरच पसरतं. कंद भिंतीलगत आडवा ठेवा, कोंब मधल्या बाजूला आणि मातीच्या वर. बाकीचा मातीनं झाका, वर एक सपाट दगड. पाणी कडेनं, हळू सोडा. नळाचं असेल तर मासे सोडण्याआधी दोन दिवस जाऊ द्या.

खत लगेच नको, मुळं करपतात. तीन-चार पानं पाण्याबाहेर उभी राहिली की महिन्यातून एकदा मिश्रखताची छोटी पुडी कागदात बांधून कोंबापासून लांब मातीत खोचा. पाण्यात विरघळवू नका, शेवाळ माजतं. दसऱ्यानंतर बंद.

मावा पडला तर पाण्याच्या फवाऱ्यानं धुवा, मासे असताना औषध मारू नका. पिवळं पान पाण्याच्या वरच कापा, खाली कापलं तर देठातून पाणी शिरतं. थंडीत पानं वाळतील, कंद जिवंत असतो, पाणी आटू देऊ नका. गर्दी झाली तर फेब्रुवारीत काढून वेगळे करा.

आणि पहिल्या वळवाच्या आधी हौदात दोन-चार घागरी ओतून पाईप वाहतो का ते बघा. पावसाळाभर दोन दिवसांआड जाळी साफ करा.