बाळासाठी कॉट निवडताना : आधी मापे, मग रंगरूप

घरातल्या सगळ्या सामानात कॉट ही बहुधा एकच वस्तू अशी असते, जिच्यात बाळाला तासन्‌तास कुणाचीही नजर नसताना ठेवले जाते. नवजात बाळ दिवसाकाठी १४ ते १७ तास झोपते आणि त्या वेळी घरातली मोठी माणसे एकतर स्वतः झोपलेली असतात किंवा दुसऱ्या कामात असतात. पहिल्या काही महिन्यांत बाळाची मान धरलेली नसते. तोंडावर आलेले कापड त्याला दूर करता येत नाही आणि फटीत अडकलेले डोके मागे घेता येत नाही. त्यामुळे कॉट पारखताना एकच प्रश्न मनात धरावा : बाळ एकटे असताना या वस्तूत त्याला काय काय होऊ शकेल? रंग, नक्षी आणि जुळणारे पडदे यांचा विचार या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाल्यानंतर करायचा आहे, आणि तो तसा फार वेळ घेतही नाही.

पहिले मोजमाप दुकानात नव्हे, घरात करावे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बाळाने निदान पहिले ६ महिने आईवडिलांच्याच खोलीत, परंतु स्वतःच्या वेगळ्या बिछान्यावर झोपणे सर्वांत सुरक्षित असते. म्हणजे कॉट आईवडिलांच्या पलंगाशेजारी मावली पाहिजे. साध्या कॉटची गादी सहसा १२० बाय ६० सेंटिमीटरची असते, तर पुढे कठडे काढून लहान पलंगासारखी वापरता येणारी कॉट-बेड घेतल्यास गादी साधारण १४० बाय ७० सेंटिमीटरची असते आणि लाकडी चौकट त्याहून थोडी मोठी. २० सेंटिमीटरचा हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, पण कपाटाचे दार उघडण्यापुरतीही जागा उरत नाही तेव्हा तो जाणवतो. जोडलेली कॉट खोलीच्या दारातून बाहेर काढता येईल का, हेही आधीच मोजून ठेवावे. कॉट-बेड पुढची काही वर्षे उपयोगी पडते हे खरे, मात्र खोली अरुंद असेल तर साधी कॉट घेऊन नंतर वेगळा पलंग करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

आता कॉटकडे वळू. कठड्याच्या दोन गजांमधले अंतर ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. कॉटसाठीच्या ईएन ७१६ या युरोपीय मानकानुसार ते ४.५ ते ६.५ सेंटिमीटर असावे लागते आणि अमेरिकेत ते सुमारे ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त असून चालत नाही. यामागचे कारण समजून घेतले तर हा आकडा विसरला जाणार नाही. लहान बाळाच्या शरीरात डोके सर्वांत रुंद असते, त्यामुळे रुंद फटीतून आधी पाय आणि मग कंबर सहज बाहेर घसरते, डोके मात्र आत अडकते आणि शरीराचा सगळा भार मानेवर येतो. मापपट्टी जवळ नसेल तर शीतपेयाचा नेहमीचा ३३० मिलिलिटरचा जाड डबा गजांमध्ये धरून पाहावा. तो आरपार गेला तर फट जास्त आहे. ही तपासणी एकाच ठिकाणी करून थांबू नये. कठड्याच्या टोकांशी, जिथे शेवटचा गज चौकटीला भिडतो, तिथली फट पुष्कळदा वेगळी असते. गज हाताने जोर लावून वाकवूनही पाहावेत, कारण पातळ गज दाबाने सरकत असतील तर मोजलेल्या अंतराला काही अर्थ उरत नाही.

त्यानंतर उंची. तळ सर्वांत खाली असताना गादीच्या पृष्ठभागापासून कठड्याच्या वरच्या काठापर्यंत निदान ५० सेंटिमीटर अंतर हवे. कॉटचा तळ दोन-तीन उंचींवर बसवता येत असेल तर उत्तम. बाळ अगदी लहान असताना वरची उंची आईच्या कमरेला आणि पाठीला सोयीची पडते. आडवे गज असलेला किंवा मधोमध आडवी पट्टी असलेला कठडा टाळावा, कारण उभे राहू लागलेल्या मुलाला तो शिडीसारखा उपयोगी पडतो. कोपऱ्यांचे खांब वरच्या काठाच्या पातळीत असावेत. अमेरिकन मानकात ते काठाच्या वर १.५ मिलिमीटरपेक्षा अधिक आलेले चालत नाहीत, इतकी ही बाब काटेकोर मानली गेली आहे. खांबाच्या नक्षीदार टोकात झबल्याची नाडी किंवा गळपट्टी अडकून मुलाला फास बसू शकतो. डोक्याकडच्या फळीत कोरलेल्या चंद्र, फूल, हत्ती यांसारख्या आरपार आकृत्यांकडेही याच शंकेने पाहावे.

एक बाजू खालीवर सरकणारी कॉट जुन्या पिढीला अतिशय सोयीची वाटते आणि तिचा आग्रहही धरला जातो. तिची खोच अशी की सरकत्या बाजूचे खिळे, खाचा आणि प्लास्टिकचे खटके वापराने झिजतात, बाजू एका टोकाला सुटते आणि गादी व कठडा यांच्यात इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी फट तयार होते. अशा फटीत अडकून बाळे दगावल्याच्या घटनांनंतर अमेरिकेत जून २०११ पासून या प्रकारच्या कॉटच्या निर्मितीवर आणि विक्रीवर बंदी आली. चारही बाजू पक्क्या असलेलीच कॉट घ्यावी. वाकण्याचा त्रास तळ वर बसवून कमी करता येतो.

गादी

कॉट निवडण्यात जेवढा वेळ जातो त्याच्या चौथाईही गादीसाठी दिला जात नाही. प्रत्यक्षात बाळाच्या श्वासाशी थेट संबंध गादीचाच येतो आणि आरामाविषयीची आपली सर्वांत मोठी गैरसमजूतही इथेच असते. मोठ्या माणसाला मऊ गादीवर बरे वाटते, म्हणून बाळालाही वाटत असेल, असे आपण गृहीत धरतो. मऊ गादीत बाळाच्या डोक्याखाली खळगा पडतो. बाळ कुशीवर वळले किंवा पालथे झाले की नाकतोंड त्या खळग्यात दबते आणि ते स्वतःच सोडलेली हवा पुन्हा आत घेत राहते. ताठ, सपाट गादीवर बाळाला टोचत नाही की दुखतही नाही. त्याचे वजनच इतके कमी असते की कडक वाटणारी गादीसुद्धा त्याला पुरेसा आधार देते.

पारख सोपी आहे. तळहात गादीच्या मध्यभागी आणि कडांवर जोराने दाबून उचलावा. ठसा लगेच नाहीसा झाला पाहिजे. हाताचा आकार क्षणभरही टिकून राहत असेल तर ती गादी बाळासाठी नाही. या कसोटीवर शरीराचा आकार धरून ठेवणाऱ्या फोमच्या गाद्या आपोआप बाद होतात, मग त्यांची जाहिरात काहीही सांगो. फोम, काथ्या किंवा स्प्रिंग यांपैकी काय निवडावे हा प्रश्न त्यामानाने दुय्यम आहे. स्प्रिंगची गादी जड असते आणि चादर बदलताना उचलण्याचे कष्ट रोज पडतात, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

गादी कॉटच्या आत घट्ट बसली पाहिजे. ती एका बाजूला सरकवून दुसऱ्या बाजूच्या फटीत बोटे घालून पाहावीत. दोन बोटांपेक्षा अधिक जागा असेल तर गादीचे माप चुकले आहे. चारही कोपरे तपासावेत, कारण गोलाई दिलेल्या कोपऱ्यांशी फट जास्त राहते. अशी फट दुपटे किंवा टॉवेल कोंबून बुजवू नये. ते कापड रात्रीतून सुटून बाळाच्या तोंडाशी येते. जाड गादी म्हणजे चांगली गादी असेही नाही. साधारण १० ते १५ सेंटिमीटर जाडी पुरते, आणि त्यापुढच्या प्रत्येक सेंटिमीटरने कठड्याची उपयोगी उंची तेवढीच घटते. एका गादीवर दुसरी गादी घालणे तर कटाक्षाने टाळावे. घडीच्या जाळीदार कॉटमध्ये हा धोका अधिक असतो, कारण जाळी बाहेर ताणली जाते आणि वरच्या गादीच्या कडेला खोबण तयार होते. तिच्यात उत्पादकाने दिलेली पातळ गादीच वापरावी.

गादीला पाणी न शोषणारे, काढून धुता येणारे आणि घट्ट बसणारे आवरण असावे, वर लवचिक कडांची एकच सुती चादर. गादीचे मूळ प्लास्टिकचे वेष्टन ‘डाग पडू नयेत’ म्हणून तसेच ठेवण्याची सवय काही घरांत असते. ते पूर्ण काढून घराबाहेर टाकावे, कारण पातळ सुटे प्लास्टिक नाकाला चिकटून श्वास अडवते.

कॉटच्या आत काय ठेवावे

गादी, चादर आणि बाळ. वर्षभराच्या आतल्या बाळाला उशी, लोड, रजई, मऊ खेळणी यांपैकी कशाचीही गरज नसते. कठड्याभोवती बांधायच्या गुबगुबीत पट्ट्या विशेष मोहक दिसतात आणि गजांवर डोके आपटू नये म्हणून विकल्या जातात. गजांवर डोके आपटून बाळ फार तर रडते. पट्टीत तोंड दबले तर मात्र ते गुदमरू शकते, आणि तिच्या नाड्या गळ्याभोवती येण्याचा धोका वेगळाच. अमेरिकेने २०२२ मध्ये कायदा करून या पट्ट्यांवर आणि १० अंशांपेक्षा अधिक उतार असलेल्या झोपण्याच्या साधनांवर बंदी घातली. डोके गोल व्हावे म्हणून विकल्या जाणाऱ्या खोलगट उश्यांबाबतही तेथील अन्न व औषध प्रशासनाने त्याच वर्षी इशारा दिला आहे. डोक्याचा मागचा भाग चपटा होऊ नये यासाठी बाळ जागे असताना, आपल्या देखरेखीखाली, दिवसातून थोडा थोडा वेळ त्याला पालथे खेळवणे हा खरा उपाय आहे.

झोपवायचे मात्र उताणेच. ब्रिटनमध्ये १९९१ पासून आणि अमेरिकेत १९९४ पासून हा सल्ला मोठ्या मोहिमांद्वारे घरोघरी पोहोचवण्यात आला, आणि त्यानंतरच्या काळात झोपेत अचानक होणाऱ्या बालमृत्यूंचे प्रमाण या दोन्ही देशांत निम्म्याहून अधिक घटले. दूध ओकणाऱ्या बाळासाठीही गादीची एक बाजू उंच करू नये. डॉक्टरांनी काही वेगळे सांगितले असेल तरच अपवाद. थंडी असेल तर पांघरुणाऐवजी अंगाला बसणारी, टोपी नसलेली झोपण्याची पिशवी वापरावी. बाळाला उकडते आहे का हे हातापायांवरून कळत नाही, कारण ते एरवीही गार असतात. मानेच्या मागे किंवा छातीला हात लावून पाहावे.

रंग, लाकूड आणि जोडणी

दात येऊ लागले की बाळ उभे राहून कठड्याचा काठ कुरतडणार, हे गृहीत धरूनच रंगाची चौकशी करावी. रंगातले शिसे मेंदूच्या वाढीला घातक असते आणि अनेक देशांत त्याची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग इतकी ठेवलेली आहे. नव्या कॉटवर ईएन ७१६, अमेरिकेचे एएसटीएम एफ ११६९ किंवा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे एएस/एनझेडएस २१७२ यांपैकी एखाद्या मानकाचा छापील उल्लेख असेल तर गज, कठडे आणि बळकटी यांची ठरलेल्या पद्धतीने चाचणी झालेली असते. विक्रेत्याच्या तोंडी हमीला ती किंमत नाही. दाबलेल्या भुशाच्या फळ्यांना सुरुवातीला उग्र वास येतो, म्हणून अशी कॉट बाळ घरी येण्यापूर्वी काही आठवडे जोडून हवेशीर खोलीत ठेवावी. सर्व कडांवरून एकदा जुना पायमोजा फिरवावा. जिथे धागा अडकेल तिथे कुसळ आहे.

जोडणी पुस्तिकेनुसारच करावी. एखादा बोल्ट हरवला तर घरातल्या डब्यातला ‘जवळपास तसाच’ बोल्ट वापरू नये, उत्पादकाकडून मागवून घ्यावा. जोडून झाल्यावर कॉट दोन्ही हातांनी हलवून पाहावी आणि पुढे महिन्यातून एकदा पाना घेऊन सगळे सांधे आवळावेत, कारण लाकूड ऋतूप्रमाणे फुगते आणि आक्रसते. चाके असतील तर त्यांना खटके हवेत.

कुणाची वापरलेली कॉट मिळत असेल तर ती नाकारण्याचे कारण नाही, पण वरील प्रत्येक माप तिला नव्या कॉटपेक्षा अधिक कडकपणे लावावे. पोपडे निघालेला जुना रंग, सरकती बाजू, तडकलेला गज किंवा कमी पडलेले स्क्रू यांपैकी एकही गोष्ट आढळली तर आभार मानून परत करावी. गादी मात्र शक्यतो नवीनच घ्यावी. जुन्या गादीची कड बसलेली असते आणि आत मुरलेला ओलावा बाहेरून दिसत नाही.

कॉट खिडकीपासून, पडद्यांच्या व खिडकीच्या ब्लाइंडच्या दोऱ्यांपासून, विजेच्या तारांपासून आणि हीटरपासून दूर ठेवावी. तिच्या वरच्या भिंतीवर तसबीर किंवा फळी नको. वर टांगलेले फिरते खेळणे बाळ हातापायांवर उठू लागले की काढून टाकावे. बाळ आधाराने बसू लागले की तळ खाली घ्यायला सुरुवात करावी आणि ते गज धरून उभे राहण्यापूर्वी तो सर्वांत खालच्या पातळीवर आणावा. हे काम ‘पुढच्या आठवड्यात’ ढकलले जाते आणि बाळ बहुधा त्याआधीच उभे राहते.

उंची सुमारे ९० सेंटिमीटर झाली, कठड्याचा काठ उभ्या मुलाच्या छातीपर्यंत आला, किंवा मूल पाय वर टाकू लागले, की कॉट म्हणून तिचा वापर थांबवावा. कॉट-बेड असेल तर कठडे काढून त्याच गादीवर मुलाला झोपवता येते. मात्र त्या रात्रीपासून मूल आपणहून उतरून खोलीत फिरू शकते, म्हणून कठडे काढण्याआधी कपाटे आणि खणांची टेबले भिंतीला पक्की जखडावीत, विजेच्या सॉकेटांची भोके बुजवावीत आणि जिन्याशी फाटक बसवावे. काढलेले कठडे, बोल्ट आणि पुस्तिका एकाच ठिकाणी बांधून ठेवावीत. पुढे ती कॉट दुसऱ्या बाळासाठी लागली, तर यांपैकी एकाही भागाशिवाय ती सुरक्षितपणे जोडता येणार नाही.