सिस्टीम फाइलचा तोच संदेश वारंवार: माझा अनुभव

संगणक सुरू होताच ठरावीक डीएलएल फाइल (विंडोज व प्रोग्रामांना लागणारी सामायिक कोडची फाइल) खराब असल्याचा संदेश येत असे आणि एसएफसी स्कॅननाउ ही विंडोजच्या सिस्टीम फाइल तपासून दुरुस्त करणारी आज्ञा चालवली की काही दिवस थांबून तो पुन्हा येत असे. सुटी डीएलएल इंटरनेटवरून उतरवणे मी कटाक्षाने टाळले, कारण त्यातून व्हायरस शिरू शकतो. एसएफसी ज्या साठ्यातून चांगली प्रत घेते तो साठाच बिघडलेला असू शकतो, म्हणून आधी तो साठा दुरुस्त करणारी डिझमची रिस्टोअरहेल्थ ही आज्ञा आणि मगच एसएफसी असा क्रम ठेवला. तरीही बिघाड परतल्यावर हार्ड डिस्क तपासली. डिस्क स्वतःच्या स्थितीबद्दल देते त्या स्मार्ट अहवालात ‘पेंडिंग सेक्टर’चा (डिस्कवरील नीट वाचता न येणाऱ्या भागांचा) आकडा, जो 0 असायला हवा, तो 16 होता आणि वाढत होता. तातडीने बॅकअप घेऊन एसएसडी बसवली व विंडोज नव्याने टाकले. तेव्हापासून तो संदेश आलेला नाही.