एअर फ्रायरमध्ये पार्चमेंट पेपर कसा वापरावा

कागद सिलिकॉनचा लेप असलेला, म्हणजे बेकिंगसाठीचा पार्चमेंटच हवा. वॅक्स पेपर नको, त्यावरचं मेण वितळून धूर होतो. 'बटर पेपर' या नावाखाली कसलेही कागद खपतात, तेव्हा नावावर जाऊ नका, खोक्यावरचं तापमान वाचा. बहुतेक पार्चमेंट साधारण 215 ते 230 अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो. आकडाच छापलेला नसेल तर तो कागद फ्रायरमध्ये घालू नका.

बास्केटच्या तळापेक्षा चहूबाजूंनी बोटभर लहान कापा, जागोजागी भोकं पाडा.

खरी मेख पुढे आहे. "कागद घालूनच प्रीहीट करा", म्हणजे पदार्थ घालण्याआधी फ्रायर तापवून घ्या, असं मला सांगितलं गेलं आणि मी तसंच केलं. दोन मिनिटांत करपल्याचा वास आला. घाबरून बास्केट ओढली, तर आत कागद नाहीच! तो वर तापणाऱ्या कॉइलला जाऊन चिकटला होता. एक कोपरा काळा पडलेला, त्याच्या कडेने लाल रेघ सरकत होती, आणि बास्केट निघताच ती रेघ भपकन पेटली.

बहुतेक बास्केटवाल्या फ्रायरमध्ये पंखा आणि कॉइल दोन्ही वरच असतात. वारा आत जोरात फिरतो, मोकळा कागद अलगद उचलतो आणि तापलेल्या कॉइलवर नेऊन टेकवतो. म्हणून रिकाम्या बास्केटमध्ये कागद ठेवायचाच नाही, एका मिनिटासाठीही नाही. आधी रिकामं प्रीहीट, मग कागद आणि पदार्थ एकदमच आत. चारही कोपऱ्यांवर पदार्थाचा तुकडा बसला पाहिजे. कडा वर उभ्या राहत असतील तर पुन्हा कापा, दुमडून भागत नाही.

मासा, चिकन, कटलेट यांचं वजन पुरतं. भाजीच्या पातळ कापांना मात्र कागद घालूच नका. सुरुवातीला ते जड वाटतात, पण पाणी आटलं की हलके होतात आणि कागद अर्ध्यातच उठतो. हे कोणी सांगत नाही, याचा मला राग येतो.

तरीही धूर आलाच, तर बटण बंद करा, प्लग काढा आणि धूर थांबेपर्यंत बास्केट उघडू नका. माझ्यासारखी ओढू तर नकाच.

कागद सगळा तळ झाकत असेल तर खालून वारा लागत नाही, पदार्थ मऊ राहतो. मी अर्ध्या वेळेनंतर पलटते, आणि शेवटची चार-पाच मिनिटं कागद काढून टाकते. तोवर खालची बाजू घट्ट झालेली असते, चिकटत नाही.