उघड्या रानात मायकोरायझाचा डबा वाया जातो

मृग तोंडावर आला की दुकानात मायकोरायझाच्या, म्हणजे पिकाच्या मुळांवर जगणाऱ्या उपयोगी बुरशीच्या, डब्यांची थप्पी लागते. पैसे मोजण्याआधी एवढंच आठवा: रब्बी निघाल्यापासून तुमच्या रानात हिरवं काय होतं?

ही बुरशी जिवंत मुळावरच वाढते. मुळात शिरून पिकाची साखर खाते आणि केसाहून बारीक तंतू मातीत पसरून, मुळांचा हात पोचत नाही तिथला स्फुरद (फॉस्फरस) नि जस्त ओढून आणते. याच तंतूंनी मातीचे कण बांधले जातात, म्हणून धुपलेल्या, मुरमाड रानातही माती हळूहळू रवाळ होते. आपण मात्र फेब्रुवारीत हरभरा काढतो, धसकटं पेटवतो, नांगरट करतो आणि जूनपर्यंत रान तापत ठेवतो. बीजाणू थोडेफार तग धरतात, पण तंतूंचं जाळं तुटतं. किडीसाठी उन्हाळी नांगरट ठीक, पण हलक्या रानात दरसाल कशाला?

एका गावात डाळिंबाची दोन रानं बांधाला बांध लावून पाहिली. एकात ओळींमध्ये ताग, चवळी. माती मुठीत दाबली तर ढेकूळ हलकेच फुटायचं. दुसरं बारा महिने साफ, चकचकीत, आणि पहिल्याच पावसात वर पापुद्रा. महागडा डबा दुसऱ्यानेच टाकला होता! वर लगेच कार्बेन्डाझिमची आळवणीही केली, म्हणजे ते पाण्यात कालवून मुळाशी ओतलं. हे बुरशीनाशक या बुरशीलाही मारतं.

पेरणीआधी:
- 75 ते 100 मिमी पाऊस होईपर्यंत पेरणी नको.
- माती परीक्षण. स्फुरद भरपूर असेल तर डबा नको.
- डीएपी (स्फुरदाचं रासायनिक खत) अंदाजाने ओतू नका. स्फुरद जास्त झाला की पीक बुरशीला दाद देत नाही.
- कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी, पालक यांना ही बुरशी लागतच नाही.

मात्रा तामिळनाडू कृषी विद्यापीठाची: रोपवाटिकेत चौरस मीटरला 100 ग्रॅम, बियांच्या 2–3 सेंमी खाली, रोप लावताना खड्ड्यात 20 ग्रॅम, मोठ्या झाडाला 200 ग्रॅम. मुळाला चिकटली पाहिजे, वरून शिंपडून काही नाही.

आणि दरवर्षी विकत घ्यायची गरज नाही. मीटरभर चौकोनी, फूटभर खोल खड्डा प्लास्टिकने अस्तरा, त्यात व्हर्मिक्युलाइट (फुगवलेलं हलकं खनिज) नि निर्जंतुक माती भरा, किलोभर चांगलं कल्चर (या बुरशीचं विरजण) मिसळा, मका पेरा. 60 दिवसांनी मका कापा. मुळांसकट सगळी माती हेच तुमचं खत.

माझा एक अंदाज, शिफारस नव्हे: बांधावरच्या जुन्या गवताखालची मूठभर माती रोपाच्या खड्ड्यात टाकली तर रोप लवकर धरतं. मर रोग किंवा सूत्रकृमी (मुळं पोखरणारे सूक्ष्म किडे) असलेल्या बागेजवळची मात्र मुळीच नको.

दुकानदार मुळावरची पांढरी बुरशी दाखवून "बघा, लागली" म्हणाला, तर हसून बाहेर पडा. ही बुरशी मूळ रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते.