व्ही६ बंद करण्याआधी या चुका टाळा

"सर, व्ही६ वर काहीच चालेना. बंद करून टाकू का?" लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्या पोरांचा हा प्रश्न मला आता पाठ झालाय. (व्ही६ म्हणजे आयपीव्ही६, इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत; जुनी ती व्ही४.) सिसकंट्रोलची (कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, सेटिंगची) एक ओळ कुठून तरी उचलायची, चिकटवायची आणि घरी जायचं. सहा महिन्यांनी दुसराच कुणी त्या मशीनसमोर डोकं धरून बसतो, कारण त्या ओळीची नोंद कुठेच नसते.

मला सगळ्यात जास्त छळलंय ते आयसीएमपी, म्हणजे पिंग आणि नेटवर्कमधले चुकांचे निरोप नेणारा प्रोटोकॉल, अडवण्यानं. पिंग बंद म्हणजे सर्व्हर सुरक्षित, हे व्ही४ च्या काळातलं खूळ. शेजारच्या मशीनचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा पत्ता) विचारायचं काम व्ही४ मध्ये एआरपी करतो. व्ही६ मध्ये एआरपी नाहीच. ते कामही आयसीएमपीव्ही६, म्हणजे व्ही६ च्या आयसीएमपी, कडेच आहे.

एका ऑफिसात रात्री साडेदहाला आम्ही नवा सर्व्हर लावत होतो. सोबतच्या मुलानं फायरवॉलचे नियम टाकले, व्ही६ वरून लॉगिन झालं, तो खूश. मिनिटाभरात सेशन गोठलं. नियम काढले की सुरू, टाकले की मिनिटभर सुरू आणि मग ठप्प. पठ्ठ्यानं दोन केबली बदलल्या. मी व्ही४ वरून आत शिरून शेजाऱ्यांची यादी दाखवणारं 'आयपी -६ नेबर' चालवलं, तर गेटवेपुढे (बाहेर जायच्या राउटरपुढे) 'फेल्ड'. गेटवेकडे आमच्या सर्व्हरची आधीची नोंद होती, तिच्यावर ते मिनिट निभत होतं. नोंद शिळी झाली की गेटवे पुन्हा विचारायचा आणि तो प्रश्न आमचीच फायरवॉल गिळायची. "पण सर, एस्टॅब्लिश्डचा नियम आहे की!" म्हणजे आधीच जुळलेल्या कनेक्शनची पॅकेट आत घेणारा नियम. आहे ना. पण शेजाऱ्यांची ही विचारपूस कनेक्शन ट्रॅकिंगच्या, म्हणजे फायरवॉल ठेवते त्या कनेक्शनांच्या, हिशेबात येतच नाही. तेव्हापासून लूपबॅकच्या (मशीनच्या स्वतःशीच होणाऱ्या बोलण्याच्या) नियमाखाली माझी पहिली ओळ आयसीएमपीव्ही६ आत येऊ द्यायची. बारकावे हवे असतील त्यांनी आरएफसी ४८९० हा इंटरनेटचा तांत्रिक दस्तऐवज वाचावा. घाई असेल तर सगळंच आत येऊ द्या, पण अडवू नका.

याच अडवाअडवीचं दुसरं फळ: पिंग जातं, साइट मात्र अर्ध्यात लटकते. व्ही६ मध्ये वाटेतला राउटर पॅकेटचे तुकडे करत नाही, 'पॅकेट टू बिग' असा उलट निरोप धाडतो. तो निरोप अडवला तर पाठवणाऱ्याला कळणार कसं? मी तुकडे न करता १४५२ बाइटचं पिंग पाठवतो. ८ आणि ४० बाइटचे हेडर धरून बरोबर १५०० होतात. ते अडलं आणि १२३२ चं गेलं, तर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल मर्यादा, बघा. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डनं जोडायचं ब्रॉडबँड) असेल तर तो सहसा १४९२ असतो.

ब्राउझरमध्ये साइट उघडली म्हणून व्ही६ ठीक आहे असं समजू नका. तो गुपचूप व्ही४ वर सरकतो. फक्त व्ही६ नंच साइट मागणारं 'कर्ल -६' वापरा.

एफई८० ने सुरू होणाऱ्या पत्त्याला पिंग करताना टक्क्याचं चिन्ह आणि इंटरफेसचं नाव जोडा. तो पत्ता त्या वायरीपुरताच असतो.

डॉकरसाठी (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) फॉरवर्डिंग, म्हणजे दुसऱ्यांची पॅकेट पुढे ढकलणं, चालू केलं आणि थोड्या वेळानं डिफॉल्ट रूट (बाहेर जायची वाट) गायब? 'मी इथे आहे' असं सांगणाऱ्या राउटरच्या जाहिराती कर्नेलच घेत असेल तर 'ॲक्सेप्ट आरए' हे सेटिंग २ करा. १ असेल तर फॉरवर्डिंग चालू असताना तो त्या ऐकत नाही.

पत्त्याला पोर्टचा (सर्व्हिसचा) क्रमांक जोडायचा असेल तर पत्ता चौकोनी कंसात.

आणि गेटवेला शिव्या घालण्याआधी कोणती सर्व्हिस कुठे ऐकतेय ते दाखवणारं 'एसएस -टीएलएन' बघा. सर्व्हिस नुसती ०.०.०.० वर, म्हणजे फक्त व्ही४ वर, ऐकत असेल, तर व्ही६ वरून तिचं दार कितीही ठोठावा.